लुधियानाचं मडगार्ड

भोगवाडी, ता. घनसावंगी
२ मे १९९९

चि. कडूबास, अक्काचा आशीर्वाद.

तुझं कार्ड मिळालं. आधी सुरत, मंग पानिपत, आता लुधियाना. आई म्हणते, "कडूबाच्या पायाला चाकं हायेत, ब्रेक तेवढे बसवायचे राह्यले." पण तू सायकलच्या कारखान्यात लागलास हे वाचून मी उडालेच. मला सायकल घ्यायची आहे आणि इथं विचारावं असं माणूस नाही.

कशाला घ्यायची ते ऐक. घनसावंगीच्या बालवाडीत मला शिकवायला घेतलंय. हे सर्जेरावाला कळलं. संक्रांतीला त्याने मला घराबाहेर काढलं तेव्हा माझे समोरचे दोन दात त्याच्या ओसरीवर राहिले, ते तुला आईने कळवलंच होतं. आता म्हणतो, नांदायला ये, न्हाईतर घरात बस. बायको नोकरीला जाते म्हणून स्टँडवरचे लोक त्याला हसतात म्हणे. दात पाडले तेव्हा कुणी हसलं नव्हतं.

त्याची जीप त्याच रस्त्याला चालते आणि बाकीचे जीपवाले त्याचे दोस्त. मी हात केला की पुढं जाऊन थांबतात, पळत गेले की निघून जातात. मागच्या आठवड्यात एकाने बसवलं, मला वाटलं देवमाणूस भेटला. त्याने नेऊन बराबर सर्जेरावापुढं उतरवलं. सर्जेरावाने माझी वेणी हाताला गुंडाळली आणि जीपच्या बॉनेटवर डोकं आपटलं. पत्रा तापलेला होता, गाल चिकटला. जीपमध्ये माणसं बसलेली होती. त्यातला एक म्हातारा म्हणाला, "सर्जेराव, आटप जल्दी, बाजार भरला आसंल."

मोठ्या बाई म्हणतात, खाडे चालणार नाहीत, दुसरी बाई उभीच आहे. चालत गेले तर पोरं घरी निघायच्या वेळेला पोहोचते. एस.टी.चा भरवसा नाही. म्हणून सायकल. ही जागा गेली तर मला त्याच ओसरीवर परत जावं लागेल, आणि या वेळी दातांवर भागणार नाही.

रस्ता तुला ठाऊक आहे. आधी डांबरी, तिथं पळायचं, कारण तिथं जीप आहे. पुढं कालव्याची पाळ आणि पांदण. तिथं जीप येत नाही, पण आपली माती आहे. डांबरावर हरीण आणि मातीत म्हैस, अशी सायकल पाहिजे.

जालन्याला तातेराव मिस्त्रीकडे जाऊन आले. त्याच्याकडे सगळं सुटं मिळतं. तुम्ही म्हणाल ती फ्रेम, म्हणाल ती चाकं, तो समोर बसून कसून देतो. म्हणाला, "ताई, सायकल म्हंजे सोयरीक. रूप बघू नका, घराणं बघा." त्याने बरंच दाखवलं. काळी मोठी, कडीच्या ब्रेकची. लेडीज, वाकड्या दांड्याची. आणि नवीन निघालेली, सरळ हँडलची, जाड टायरची, मागं गिअर. मी म्हणलं, माझ्या भावाला विचारते. तर सांग: कुठली फ्रेम, कुठले ब्रेक, गिअर घेऊ का नको, टायर केवढं? त्यासाठी आईचे हातातले गोठ मोडलेत, तेव्हा चुकायला जागा नाही.

तुझी अक्का,
शिवकन्या

*

लुधियाना
२१ मे १९९९

अक्का, तुझ्या पायावर डोकं.

तुझं पत्र आलं तवा कपाळाला टाके होते, ते आधी सांगतो. इथं नळावर लाइन लागते. यूपीच्या गोंड्याचा एक जण रोज मधी घुसायचा. मी म्हणलं, भैया, हम क्या दिखते नहीं? त्याने खिशातून सायकलची चेन काढली आन् दिली माझ्या कपाळावर. माझ्या हातात आमच्या खात्यातली पत्र्याची पट्टी होती, कडा न वळवलेली. मी फिरवली. त्याच्या दंडाचं कातडं बाजूला झालं, आत पांढरं हाड दिसलं. शहाळं सोलल्यावर दिसतं न्हाई का, तसं. आता आम्ही सोबतच चहा पितो. माणूस चांगला हाय, त्याच्या गावाला आंब्याची बाग हाय, जूनमध्ये चल म्हणतो. आंबा म्हणजे दशहरी, आपल्या गोटीपेक्षा लांबट...

हां, सायकल.

फ्रेम. लेडीज घेऊ नको. वाकड्या दांड्याला मधी जोर नसतो, धक्का बसला की झोळ येतो. सरळ दांड्याची घे, टांग टाकून बसायची सवय कर. लोक बोंबलतील, बोंबलू दे.

गिअर बिलकुल नको. डांबरावर मजा येते, पण ते मागचं यंत्र खाली लोंबतं. पांदणीत बाभळीचं एक काटेरी शिरं अडकलं की मोडलं, मंग बस रडत. त्यापेक्षा मागची दात्याची चकती मोठी घे. अठरा दात्याची पळते पण चढत न्हाई, बावीसची चढते पण पळत न्हाई. तुला दोन्ही करायचंय, तर वीसची घे.

ब्रेक. कडीचे जड असतात पण तुटत न्हाईत. वायरचे हलके, पण कुणी जाता जाता ब्लेड मारलं तर कळत न्हाई. सर्जेराव वायर कापणारा माणूस हाय. कडीचे घे.

टायर ना बारीक ना जाड. तळहात रिमवर आडवा धरून बघ, तीन बोटाएवढं बास. बेरिंगचे छर्रे तेवढे चांगले टाकायला सांग, तातेराव तिथंच चोरी करंल. करत न्हाई म्हणाला तर समज करतोच.

आता खरी गोष्ट. मी मडगार्डच्या खात्यात हाय. प्रेसखाली पत्रा सरकवायचा, वरून ठोका पडतो. बुधवारी माझ्या बाजूच्या पोराची बोटं पत्र्यासोबत आत गेली. मशीन थांबवली न्हाई, पुढचं मडगार्ड लाल निघालं, सेठ म्हणाला धुऊन टाक. मी तुझ्यासाठी एक जोडी स्वतः काढलीय. जाड पत्रा, वर निकल, तोंड बघून घे. असं वळवलंय की टायर आन् मडगार्डच्या मधी बोट जाणार न्हाई. चिखलाचा एक ठिपका तुझ्या कपड्यावर उडाला तर नाव बदल माझं. पार्सल करतो. चेनकव्हरसुद्धा पूर्ण बंद घे, ओढणी अडकत न्हाई.

आन् सर्जेरावाला सांग, कडूबा येतोय. उजवा हात कोपरापासून उतरवून त्याच्याच जीपच्या हॉर्नवर टांगीन.

कडूबा

*

भोगवाडी
४ जुलै १९९९

चि. कडूबास आशीर्वाद.

पार्सल मिळालं. तातेरावाने मडगार्ड उलटंसुलटं करून बघितलं, टिचकी मारली, म्हणाला, "घंटेवाणी वाजतं." मंग टायरच्या जवळ धरून म्हणाला, "ताई, लई तंग होतंय. आपल्याकडं मधी जागा ठेवतेत." मी म्हणलं, माझ्या भावाने स्वतः केलंय, आहे तसंच बसवा. त्याने बसवून दिलं. छर्रे मी मोजून घेतले. त्याला राग आला.

सरळ दांडा, कडीचे ब्रेक, वीस दाते, तीन बोटं टायर. सगळं तू सांगितल्यासारखं. शिकले कालव्याच्या पाळीवर. पंजाबी ड्रेस घातला तर आईने दोन दिवस तोंड फिरवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच सलवारीचे पायचे शिवून बारीक केले. म्हणाली, "पडायचंच हाय तर निदान अडकून पडू नगं." पारावरचे म्हणतात, झुंबरबाईची पोरगी घोड्यावर बसली, आता तलवार तेवढी पाहिजे.

पण कडूबा, ही सायकल पळते! खाडा नाही. पोरं फाटकात उभी राहतात आणि मडगार्डात तोंड बघून जिभा काढतात.

सर्जेराव एकदा भेटला. डांबरी रस्त्यावर मागून आला, हॉर्न दिला नाही, जीपचा कोपरा कॅरिअरला लावला. मी रस्त्याकडेच्या चारीत गेले. थोडं खरचटलं. चाक वाकडं झालं होतं, तातेरावाने तारा ओढून सरळ केलं. आता मी मागून जीपचा आवाज आला की तडक पांदणीत शिरते. खोल चाकोऱ्यांत जीपचं पोट घासेल म्हणून तो तोंडाशी थांबतो, शिव्या देतो आणि जातो. कोरडं आहे तोवर मला कुणी धरत नाही.

तू येऊ नकोस. काम सोडू नकोस.

अक्का

*

लुधियाना
२५ जुलै १९९९

अक्का, पायावर डोकं.

पत्र वाचून छाती फुगली. मडगार्ड घंटेवाणी वाजतं, हे मी सगळ्या खात्यात वाचून दाखवलं, हिंदीत करून. खरचटलं त्याला खोबरेल आन् हळद लाव.

मी मधी गोंड्याला गेल्तो, आंबे खायला. तिथं लग्नात बंदुका उडवतात, छताचं कौल फुटून एका वरमावशीच्या डोक्यात पडलं. त्यावरून दोन्ही वऱ्हाडात लाठ्या चालल्या. मी कुणाकडून हे मला शेवटपर्यंत कळलं न्हाई, पण मारलं बराबर. एकाचा जबडा सरकला. परत आलो तर सेठने दुसरा माणूस लावलेला. हातापाया पडून पुन्हा प्रेसवर हाय.

पाऊस कसा हाय? इथं रेताड माती, पाऊस पडला तरी पाय झटकला की साफ. मडगार्डला कापसाच्या बोळ्याने गोडतेल लावत जा, निकल टिकते.

सर्जेराव पांदणीत येत न्हाई म्हणतीस, म्हणजे घाबरला. मी लिहिलेलं त्याला सांगितलंस ना? हॉर्नचं?

कडूबा

*

भोगवाडी
१२ सप्टेंबर १९९९

कडूबा,

अक्षर डाव्या हाताचं आहे, सावकाश वाच.

पोळ्याच्या आधी झड लागली होती. बालवाडी सुटली तेव्हा पाऊस उघडला. घनसावंगीतून निघताना जीप दिसली नाही, मला बरं वाटलं. पांदणीत शिरले. थोडं गेले आणि पायडल जड झालं. वाटलं चढ आहे. मंग मागचं चाक फिरेचना. उतरून बघितलं तर मडगार्डच्या आत माती अशी ठासली होती जशी भिंतीत. तू म्हणालास बोट जाणार नाही. बोट जात नव्हतं. काडी घालून खरवडते, निघते थोडी, पाऊल टाकलं की पुन्हा भरते. चाक फिरत नाही तर ढकलताही येत नाही. सायकल खांद्यावर घेतली. माझ्या चपलांना मातीचे गोळे. म्हैस गाळात बसते तसे पाय.

सर्जेरावाने जीप पलीकडच्या तोंडाला लावली होती. तो आधीपासून उसाच्या कडेला बसलेला. हातात जॅकचा दांडा. उठून अंगावरचं झटकलं आणि म्हणाला, "काय मास्तरीणबाई, आज घोडं खांद्यावर?"

पहिला दांडा सायकलवर मारला. मी सायकल सोडली नाही, म्हणून दुसरा माझ्या बोटांवर. सायकलच्या दांड्यावर धरलेलीच बोटं होती, मध्ये जागा नव्हती. दोन मोडली. मंग मी सोडली. त्याने मला मातीत पालथं घातलं, पाठीवर गुडघा दिला आणि तोंड चिखलात दाबून धरलं. कडूबा, ती माती नाकात गेली की बाहेर येत नाही. कानात त्याचं बोलणं येत होतं, "शिकव. शिकव आता बाराखडी." शेजारच्या रानातली सगुणाबाई विळा घेऊन बोंबलत आली म्हणून उठला. जाताना सायकल उभी करून ठेवून गेला. नीट, स्टँडवर. म्हणाला, "ही घेऊन ये उद्या. मी हायच."

ठाण्यात गेलो. हवालदार म्हणाला, "नवरा हाय ना? कागद करायचा का मिटवायचं?" आईने त्याला दोन शिव्या दिल्या, मंग त्याने काहीतरी लिहून घेतलं.

मोठ्या बाई मात्र म्हणाल्या, बोटं बांधलेली असली तरी पोरांना गाणी शिकवता येतात, जागा दसऱ्यापर्यंत ठेवते.

तुझ्यावर राग नाही. मडगार्ड चांगलंच होतं. आपल्या मातीचं नव्हतं एवढंच. तातेरावाने सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. तूही याच मातीत वाढलास, पण माती विसरलास. येऊ नकोस.

अक्का

*

खंडवा
९ ऑक्टोबर १९९९

अक्का,

तुझं पत्र वाचलं आन् तसाच निघालो. पगार घेतला न्हाई. प्रेसखाली एक जाड पट्टी घालून तिला धार काढली, टॉवेलात गुंडाळली. रात्रंदिवस एकच, सर्जेरावाची मान. झोपेतसुद्धा उजवा हात वर खाली होत होता, रेल्वेत समोरच्या बाईने पोरं दुसऱ्या बाकावर नेली.

आन् खंडव्याला उतरलो पाणी प्यायला. एक जण एका म्हाताऱ्याचं बोचकं लाथेने बाजूला सारत होता. मी म्हणलं, उचल. तो म्हणाला, तू कोण? अक्का, मला वाटलं दोन मिनिटाचं काम हाय. त्याचं नाक चेपलं, बोटाखाली काडी मोडावी तसा आवाज झाला. तो साध्या कपड्यातला पोलीस निघाला. टॉवेल उलगडला, पट्टी निघाली. आता कोठडीत हाय. त्यांनी मला टायरच्या पट्ट्याने तळपायावर मारलं, उभं राह्यलं की माती आठवते. आपली काळी.

म्हातारा बोचकं घेऊन निघून गेला. मागं वळून बघितलंसुद्धा न्हाई.

मी विसरलो होतो, खरंय. अक्का, तू घराबाहेर पडू नको. जागा गेली तर जाऊ दे. मी सुटलो की येतो. सगळं माझ्यावर सोड. पत्र स्टेशनसमोरच्या हमीद चहावाल्याच्या नावाने टाक, तो आत पोचवतो.

कडूबा

*

भोगवाडी
३१ ऑक्टोबर १९९९

चि. कडूबास अनेक आशीर्वाद.

बघ, अक्षर उजव्या हाताचं आहे. थोडं वाकडं, पण माझं.

तुझ्यावर सोडलं असतं तर तू खंडव्यालाच राहणार होतास. म्हणून मी सायकलकडे बघितलं. ओसरीत टेकवून ठेवली आणि एकेक भाग नवीन डोळ्याने बघितला. डांबरावर काय लागतं, ते मला ठाऊक झालं होतं. मातीत काय लागत नाही, ते बोटांनी शिकवलं होतं. तुझं मडगार्ड काढलं, पुढचं आणि मागचं. चेनकव्हर काढलं. तातेराव घनसावंगीच्या बाजाराला येतो, त्याच्याकडून मागं बावीस दात्याची चकती घातली. डांबरावर थोडी मागं पडेन, पण पांदणीत थांबणार नाही. त्याने पैसे सांगितले नाहीत. तुझ्या मागच्या मडगार्डातून मला छत्रीच्या दांड्याएवढी सरळ पट्टी कापून दिली, एका टोकाला चिंधी गुंडाळली आणि सायकलच्या दांड्याखाली दोरीने बांधली. म्हणाला, "माती भरली की हिच्यानं चाक खरवडायचं. कडा जपा, घासायची राह्यलीय."

दसऱ्याच्या आधी मी जायला लागले. चार दिवस कुणी नाही. मंग परतीचा पाऊस झाला, त्यानंतर कडक ऊन पडलं. तुला आता आठवत असेल, अशा वेळी पांदण कशी दिसते. वरून पापुद्रा वाळलेला, तडे गेलेले, टणक वाटते. आत लोणी.

डांबरावर मागून आवाज आला. मी पांदणीत शिरले. या वेळी तो थांबला नाही. रस्त्यावरचा माणूस, त्याला वाटलं पावसाने चाकोऱ्या भरल्यात आणि वर वाळलंय. जीप घेऊन माझ्या मागं आत आला. मी कडेच्या गवतावरून चालवत होते, चाकं मोकळी, माती लागायची आणि उडून जायची. पायचे, पाठ, केस, सगळं चिखल. मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मागं इंजिन ओरडायला लागलं. मंग नुसतंच ओरडत राहिलं.

थांबून वळून बघितलं. जीप दोन्ही बाजूंनी रुतली होती. चाकं जागीच फिरत होती, वरच्या पत्र्यात माती ठासली होती. तुझ्या मडगार्डासारखीच. तो खाली उतरला, दांडा घेऊन. दोन पावलं टाकली आणि बुटांना गोळे. तिसऱ्याला बूट तिथंच राहिला.

मी निघून जाऊ शकत होते. पुढं रस्ता मोकळा होता. हे तुला खरं सांगते, कारण ठाण्यातही मी हेच सांगितलं. मी गेले असते तर तो उद्या आला असता, आणि उद्या पांदण खरीच वाळलेली असती.

सायकल गवतावर आडवी केली. पट्टी सोडली. अनवाणी झाले, अनवाणी पायाला माती कमी धरते. तो हसला. "ये," म्हणाला, "आपणहून आलीस." दांडा वर उचलला. पाय निघत नव्हता म्हणून नुसतं कमरेतून वाकून मारला, माझ्या खांद्याला चाटून गेला. मी पट्टी फिरवली. ज्या हाताने तो वेणी गुंडाळायचा त्या हातावर. तू लिहिलं होतंस ना, शहाळं. बराबर तसंच. दांडा पडला. तो त्या हाताकडे बघत राहिला, कुणा दुसऱ्याचा असल्यासारखा. मी पुन्हा मारलं. तिथंच. रक्त माझ्या तोंडावर आलं, गरम. तिसऱ्या वेळी हात उचलला आणि दिसलं, तो मातीत गुडघ्यावर बसला आहे आणि म्हणतोय, "शिवे, बास." आमच्या लग्नाला पाच वर्षं झाली. मी किती वेळा बास म्हणाले ते त्याला ठाऊक आहे. पण मी थांबले. तो थांबायचा नाही, म्हणून मी थांबले.

माझ्या ओढणीने त्याचा हात वर करून आवळून बांधला. मंग उसाच्या कडेला गेले. सगुणाबाईला हाक मारली, तिने गाडीबैल आणून त्याला दवाखान्यात नेलं. वाटेत ती त्याला म्हणत होती म्हणे, "सर्जेराव, आटप जल्दी, रक्त चाललं."

मी बालवाडीत गेले. मोठ्या बाईंनी मला बघितलं आणि खुर्चीवरून उठल्या. मी म्हणलं, तोंड धुते, पोरांना बसवा. गाणी घेतली. पोरं विचारत होती, बाई, आज मडगार्ड कुठाय? सुटल्यावर स्वतः ठाण्यात गेले. तोच हवालदार. म्हणाला, "नवऱ्यावर हात उचलला?" मी म्हणलं, "हो. लिहा. आणि मागचं काय लिहिलं होतं तेही काढा, शेजारी ठेवा." दोन्ही कागद आता कोर्टात जाणार आहेत. काय व्हायचं ते होईल. त्याची दोन बोटं वळत नाहीत, स्टेअरिंग धरता येत नाही, जीप दुसऱ्याला दिलीय.

आईने पट्टी हातात घेतली. राखेने घासली, धुतली, म्हणाली, "कडूबानं पत्रा चांगला वळवला व्हता, सरळ केल्यावर कामाला आला." मंग पुन्हा माझ्या सायकलला बांधली. चाक खरवडायला.

परवा एक जीप माझ्याजवळ हळू झाली. तोच, ज्याने मला सर्जेरावापुढं उतरवलं होतं. म्हणाला, "बसा ना अक्का, सायकल टपावर टाकू." मी म्हणलं, पुढं व्हा, मला उशीर होतोय. आणि त्याला मागं टाकून गेले. बावीस दात्यांवर. तो मुद्दाम हळू चालवत होता, ते मला कळत होतं.

सुटलास की ये, पण मारायला येऊ नको, इथं आता मारायला कुणी नाही. शेंगा निघाल्यात, आईला हात लागतो. आणि येताना सायकलला एक घंटी घेऊन ये, मोठी, लांबून ऐकू जाईल अशी. माणसं आता आपणहून बाजूला होतात. सगुणाबाईच्या शेळ्या होत नाहीत.

तुझी अक्का,
शिवकन्या